रक्त मागणारे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंइतका रक्तपिपासू माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. ते तळोद्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. पाहुणा आला की लोक पाणी विचारतात, हे त्याच्या दंडाकडे बघतात. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी सुटतं, त्या सीरममध्ये विषाणूवरचं औषध किती आहे ते मोजायचं, हा त्यांचा ध्यास. औषध धरून ठेवणारी चुंबकी पूड सीरममध्ये ढवळायची, नळीला बाहेरून लोहचुंबक लावायचं, पूड काचेला चिकटली की बाकीचं ओतून द्यायचं आणि पुडीवरचं औषध धुऊन यंत्रावर मोजायचं. हे सगळं मी एका लग्नाच्या पंगतीत, वरण येईपर्यंत तीनदा ऐकलंय. "माले तं कोन्हतीच गोयी चालू नही," म्हणून मी सुटू पाहिलं, तर म्हणाले, "तेच तं पाहिजे! कोरं रक्त कोठे भेटस आजकाल?" मोजमाप पडताळायला एकही गोळी न घेणाऱ्याचं रक्त लागतं म्हणे. दिलं बापडं. कॉलेजनेही या थोर कार्याची कदर करून त्यांना जिन्याखालची खोली दिली आहे.

मग डोंगरातल्या एका बाईचं रक्त दवाखान्यातून त्यांच्याकडे आलं. एचआयव्हीच्या गोळ्या दर महिन्याला न्यायची, तरी विषाणू वाढतच होता. ही गोळ्या फेकते, असा डॉक्टरांचा ठपका. असंच चालतं तर बाई हातची गेली असती. साडूंनी मोजलं. औषध होतं, पण निम्मंच. "ती खोटं नही बोली ऱ्हायनी," ते डॉक्टरांना म्हणाले, "अर्धी गोयी कोठे जाई ऱ्हायनी, ते इचारा."

अर्धी नवऱ्याच्या पोटात जात होती. लागण त्यालाही होती. तो जीप चालवतो. दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या खिडकीपुढे कुणाला दिसलो तर उद्या जीपमध्ये शेळीसुद्धा बसणार नाही, ही त्याची भीती. म्हणून बायको रोज गोळी मोडायची.

आता दर महिन्याला साडू त्याच्या पुढे रांगेत उभे राहतात, हातात केसपेपर धरून. प्रोफेसर दिसला की मागच्या ड्रायव्हरकडे कोण बघतो? नवरा-बायकोला आपापल्या पूर्ण गोळ्या मिळतात. गावाने मात्र साडूंबद्दल काढायचा तो अर्थ काढला. मी तावातावाने विचारायला गेलो, तेव्हा त्यांनी नाव न घेता हे सारं सांगितलं.

"मंग लोकेसले खरं सांगी द्या ना!"

"सांगं, तं इचारतीन, तुन्हा मांगे कोन उभा व्हता?"

मला फार लाज वाटली. कारण त्याआधीचे दोन आठवडे मी त्यांच्या घरचा चहा टाळत होतो. हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.