नसीमाने राखलेलं अंगण

नसीमाच्या भावाचा, अस्लमचा फोन आला तेव्हा मी पेणच्या आमच्या ऑफिसात एका जमिनीच्या हद्दी तपासत बसले होते. "विद्याताई, आपा गेली," एवढंच तो म्हणाला. नसीमा आजारी होती, गेले काही महिने तिला रोह्याहून पेणला येणं झेपत नव्हतं, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तिच्या टेबलावरची स्केल पट्टी आणि पेन्सिली मी रोज पुसून ठेवत होते, कारण ती येईल असंच मी धरून चालले होते. दुपारपर्यंत मी रोह्याला पोचले. घर माणसांनी भरलं होतं. मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले. जनाजा निघायच्या थोडं आधी बाहेर एक टेम्पो येऊन थांबला. आमच्याकडे गणपतीच्या मूर्ती पोचवायला वापरतात तसला, तळाला अजून भाताचा पेंढा पसरलेला. त्यातून जोहे गावाकडची माणसं उतरली. सगळ्यात शेवटी दोघांनी हात धरून त्यांच्यातल्या म्हाताऱ्या दामूअण्णांना उतरवलं. त्यांना धड चालता येत नव्हतं, तरी कब्रस्तानापर्यंत गेले आणि आपल्या हातानं मूठभर माती देऊन आले, असं मला अस्लमनं मागाहून सांगितलं. तिच्या नात्यातल्या बायका मला विचारत होत्या, ही कोण गो माणसं? नात्यातली नाहीत, शेजारची नाहीत, आणि टेम्पो भरून आलीत. मी म्हटलं, हिने ज्यांचं गाव वसवलं ना, ती माणसं.

त्या वेळी एवढंच बोलून मी थांबले. पण हे नीट सांगितलं पाहिजे असं तेव्हापासून वाटतंय.

नसीमा आणि मी रोह्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तिच्या वडलांचं बाजारात तांदळाचं दुकान होतं. चित्रकलेच्या तासाला आम्ही सगळ्या डोंगर, झोपडी, उगवता सूर्य काढत असू, तेव्हा ही आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढायची. कुणाचं दार कुठे उघडतं, विहीर कुठे, बोळ कुठे अरुंद होतो, सगळं त्यात असायचं. पुढे ती मुंबईला जाऊन आर्किटेक्ट झाली आणि मग नगररचनेचं शिकली. त्यांच्या घराण्यातलीच नव्हे, आमच्या सबंध आळीतली एवढं शिकलेली ती पहिली मुलगी. मी आयटीआयमध्ये आरेखनाचा कोर्स केला आणि लग्न होऊन पेणला आले. एका मोठ्या शहराच्या नियोजनाच्या कामात तिनं काही वर्षं काढली आणि एक दिवस सगळं सोडून परत आली. का आलीस म्हणून विचारलं तर हसून सांगायची. तिकडे आधी सगळे प्लॉट पाडायचे, रस्ते काढायचे, आणि शेवटी नाल्याकडेचा नाहीतर विजेच्या तारांखालचा जो वेडावाकडा तुकडा उरेल त्यात हिरवा रंग भरायचा. झाली मोकळी जागा, कागदावर नियम पाळला गेला. "मला तो हिरवा रंग भरायचा कंटाळा आला गो," ती म्हणायची.

पेणला बाजारापासून जवळच तिनं दोन खोल्यांचं ऑफिस घेतलं आणि मला बोलावलं. येणारी माणसं साधारण एकच मागणी घेऊन यायची. आपला स्वतंत्र प्लॉट, मधे घर, चारी बाजूंनी कंपाउंड. तिच्या सख्ख्या भावाचंही तेच. अस्लम बरीच वर्षं आखातात होता. परत आल्यावर त्यानं रोह्यात बंगला बांधला आणि नकाशा अर्थातच बहिणीकडे मागितला. तिनं काढून दिलाही. पण देताना बंगल्याच्या चारी बाजूंना सोडलेल्या त्या अरुंद पट्ट्यांवर बोट ठेवून तिनं त्याला विचारलं होतं, इथे तू काय करणार? पाण्याची टाकी ठेवीन, तो म्हणाला. आणि इथे? तिकडे कुणी जाणारच नाही. मग अशा शंभर घरांच्या पट्ट्या एकत्र केल्या तर किती मोठं अंगण होईल, याचा विचार कर, असं ती त्याला म्हणाली. तेव्हा तो वैतागला होता. परवा मात्र आपणहून हीच गोष्ट त्यानं मला सांगितली, आणि सांगताना त्याचे डोळे भरून आले.

जोहे गावाकडची माणसं आमच्याकडे आली ती घरांसाठी. मूर्तीचं काम करणारी ही कुटुंबं. घर आणि कारखाना एकाच छपराखाली. साचे, कच्च्या मूर्ती, अंथरुणं आणि चूल सगळं एकमेकांना चिकटून. माणसं वाढली, काम वाढलं, जागा तेवढीच राहिली. शेवटी सगळ्यांनी मिळून गावाबाहेरचं एक भातखाचर घ्यायचं ठरवलं. पुढारपण दामूअण्णांकडे. अण्णा म्हणजे हाताला मोठं कसब असलेला माणूस. त्यांनी आखलेल्या डोळ्यांचे गणपती लांबलांब जायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मूर्ती वाळवायला ऊन पाहिजे, उन्हासाठी अंगण पाहिजे, आणि अंगण स्वतःचं पाहिजे. सामाईक अंगणात एकाची शेळी शिरते, दुसऱ्याचं पोर धावतं, मूर्तीचा हात मोडला की भांडण. म्हणून प्लॉट मोठे पाडा. मोठे पाडले तर निम्म्यांनाही पुरणार नाहीत, हे नसीमानं सांगितलं. त्यावरही त्यांचं उत्तर तयार होतं. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्यांची चिठ्ठी निघणार नाही त्यांनी आपले पैसे परत घ्यायचे, पुढे दुसरी जमीन बघू.

नसीमाचा आराखडा अगदी उलटा होता. प्लॉट लहान, घरं एकमेकांना भिंत लावून ओळीत, आणि बाजूंच्या सगळ्या वाया जाणाऱ्या पट्ट्या वाचवून मधोमध एकच मोठं अंगण. सगळी कुटुंबं त्यात मावत होती. बैठकीमागून बैठक झाली. अण्णा हटायचे नाहीत. चाळीतच राहायचं तर आम्ही मुंबईलाच का जात नाय, असं एकदा ते म्हणाले आणि उठून गेले. मी तर कामच सोडून देऊया म्हटलं. तिला मात्र त्यांचा राग आला नव्हता. माणूस खोटं बोलत नाही, त्याला नकाशा वाचता येत नाही एवढंच, असं तिचं म्हणणं. मग ती एकदम म्हणाली, आपण कागद बाजूला ठेवू.

उन्हाळ्याचे दिवस होते. खाचरात भाताची धसकटं वाळून उभी होती. आम्ही रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची पोती नेली आणि दोन दिवस खपून अण्णांना हवा होता तो मोठ्या प्लॉटांचा आराखडा तिथे जमिनीवर खऱ्या मापानं आखला. पांढऱ्या रेघांचं एक गावच उठलं. मग सगळ्या कुटुंबांना बोलावलं. अण्णांनीच सुचवल्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याला जो प्लॉट निघेल त्यानं बायकामुलांसकट त्यात जाऊन उभं राहायचं, असं नसीमानं सांगितलं. ज्यांची चिठ्ठी निघणार नाही त्यांनी बांधावर थांबायचं. लोकांना गंमत वाटत होती. अण्णांना कोपऱ्यावरचा चांगला प्लॉट निघाला. ते त्यात जाऊन उभे राहिले, पावलांनी लांबीरुंदी मोजून आले, खूश दिसले. प्लॉट संपले तेव्हा हसणं हळूहळू थांबलं... बांध माणसांनी भरून गेला होता. तान्ही पोरं घेतलेल्या बायका, छत्र्या उघडलेल्या म्हाताऱ्या. आणि त्यांच्यात अण्णांची मुलगी सुनंदा उभी होती. तिला गावातच दिलेली, नवरा मूर्तीचंच काम करणारा, त्यामुळे त्यांची चिठ्ठी वेगळी टाकलेली. ती निघालीच नव्हती.

 नसीमा एका बाजूला जमिनीवर बसून पाणी पीत होती. अण्णा आपल्या रेघांच्या आत उभे, लेक बांधावर. सुनंदा बापाकडे बघत नव्हती, खाली बघत होती. मग अण्णा रेघ ओलांडून बाहेर आले आणि थेट नसीमासमोर उभे राहिले.

"बाई, तुमचं ते मधलं अंगण आखून दाखवा," ते म्हणाले. "पण मला एक सांगा, उन्हाचं काय करणार? माडी चढली की सावली कोणाच्या डोक्यावर?"

हा प्रश्न ऐकून ती जागची उठलीच. मला अजून तिचा तो चेहरा दिसतो. इतक्या बैठकांत कुणी तिला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता, आणि तिच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, हे तिनं तिथल्या तिथे सगळ्यांसमोर कबूल केलं. पुढचे कितीतरी दिवस आम्ही त्या खाचरात बांबू रोवून सावल्या बघत होतो, थंडीतल्या लांब सावल्यांचा हिशेब मांडत होतो. त्यातून आराखडा बदलला. दक्षिणेच्या ओळीतली घरं बैठी ठेवायची, म्हणजे थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलला तरी सावली अंगणात फारशी शिरणार नाही. बाकीच्यांना वर माडी चढवता येईल. आता अडचण एवढीच की बैठं घर घ्यायचं कुणी? ज्यानं घेतलं त्याची माडी कायमची गेली. त्यासाठी पुन्हा बैठक बसली. मग अण्णा म्हणाले, "एक मला लिवा. आता ह्या वयात माडी चढून कुठे जायचाय मला?" त्यांच्यामागून बाकीच्यांनी हात वर केले. ओळ भरली.

वसाहत उभी राहिली. भांडणं होतच नव्हती असं नाही. शेळीही शिरली, हातही मोडले. पण उन्हाच्या पाळ्या लोकांनीच आपापसात ठरवून घेतल्या, आणि मूर्ती आत गेल्या की तेच अंगण लग्नाला, लेझमीला, पोरांच्या क्रिकेटला मोकळं. नसीमा अधूनमधून मला घेऊन तिथे जायची. काही तपासायला नाही, नुसतं बसायला. सुनंदा चहा आणायची. कुणी नवीन सरकारी अधिकारी पेणला आला की नसीमा त्याला तिथे नेऊन दाखवायची, पण तिथे उभं राहिल्यावर बोलायचं काम ती अण्णांवर सोपवायची. आणि अण्णा असं समजावून सांगायचे, की आराखडा त्यांनीच काढला असावा! ती मागे उभी राहून हसत असे.

दोन-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. महामार्ग रुंद झाला, डोलवीकडे कंपनीत कामाला येणाऱ्यांना भाड्यानं खोल्या पुरेनात, जमिनीचे भाव चढले. एक बिल्डर वसाहतीत येऊन गेला. मधलं अंगण द्या, खाली गाळे, वर फ्लॅट, प्रत्येक घराला एक गाळा. तरुण पोरांना ते पटत होतं, आणि त्यांचं सगळंच चुकत होतं असंही नाही. मूर्तीच्या कामात सगळ्यांचं पोट भरत नव्हतं. सभा बोलावली. नसीमा तेव्हा आजारी पडलेली, औषधांनी थकलेली. अस्लम नको म्हणत होता, पण ती निघालीच. रोह्याहून येताना गाडीत ती मला काय काय बोलणार ते सांगत होती. वस्ती दाट करायला माझा कधी विरोध नव्हता, मीच ती दाट केली. पण दाट वस्तीला श्वास घ्यायला मधे जागा लागते, ती काढून घेतली की उरते ती नुसती गर्दी... असं बरंच काही. मधेच दम लागून थांबायची, पुन्हा सुरू करायची.

सभेत ती पुढच्या खुर्चीवर बसली. अध्यक्षांनी विषय मांडला. तिला बोलायला सांगणार, तेवढ्यात सुनंदा उठली. आता तिचा स्वतःचा कारखाना आहे, चार माणसं हाताखाली आहेत. आवाज न चढवता ती बोलली. "ही जमीन आखली तेव्हा मी बांधावर उभी होते. हितल्या निम्म्या पोरांच्या आया माझ्याबरोबर उभ्या होत्या. ह्या अंगणापायी आम्ही आत आलो. गाळे पाहिजेत तर रस्त्याकडच्या घरांनी तळमजल्यावर काढावेत, कोण नाय म्हणत नाय. पण अंगण नाय द्यायचं." मग एकेक बाई बोलत गेली. ज्या तरुणांना गाळे हवे होते त्यांनी रस्त्याकडच्या ओळीची गोष्ट उचलून धरली, आणि ठराव तसाच झाला. आज त्या ओळीत दुकानं आहेत. बिल्डर पुन्हा फिरकला नाही.

नसीमाला बोलायची वेळच आली नाही. परत जाताना ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, थकली. मग म्हणाली, "विद्या, आज मला तोंड उघडावं लागलं नाय. ह्याच्यापेक्षा मोठं बक्षीस मला कोण देणार हाय?" तिला पुरस्कार वगैरे कधी मिळाले नाहीत, तिचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. पण एवढं म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी आयुष्यभर विसरणार नाही. आता ती गेल्यावर तो अभिमान माझ्या वाट्याला आलाय, आणि तो मी मिरवणार आहे.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी वसाहतीत गेले. ऊन चांगलं पडलं होतं. अंगणभर कच्च्या मूर्ती मांडलेल्या, पांढऱ्याशुभ्र, ओळीनं. दक्षिणेच्या बाजूला आपल्या बैठ्या घरासमोर अण्णा खुर्ची टाकून बसले होते. सुनंदा म्हणाली, बाई गेल्या त्या दिवशी अंगण रिकामं ठेवायचं आमच्या मनात आलं होतं, पण एवढं ऊन फुकट घालवलं म्हणून त्या आम्हांलाच रागावल्या असत्या. म्हणून मूर्ती मांडल्या आणि मगच टेम्पोत बसलो. मग मी भीतभीतच विचारलं, अंगणाला तिचं नाव द्यायचं, एखादी पाटी लावायची, असं काही तुमच्यात बोलणं झालं का?

सुनंदानं बापाकडे बघितलं. अण्णांनी मान हलवली.

"पाटी लावायला भिंत लागते," ते म्हणाले. "आणि बाईंनी मधे भिंत ठेवलीच नाय."

मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे उन्हात सरकवली, आणि शेजारी मला बसायला जागा करून दिली.