तात्यांसमोर तंबाखूचं नाव

शाळा मी दुसरीतच सोडली, तीही उर्दू. त्यामुळं जिंतूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं इंग्रजीत काय काय छापलं, ते मला वाचता येत नाही. पण त्यातल्या एका लेखात माझा बाप आहे. तो तिथं कसा पोचला ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

काळ निजामाचा. डॉक्टर आमच्याच भागातला, पण डोक्यात एकच गोष्ट: गालाचा कर्करोग. तंबाखूचा बार गालात धरून झोपतात त्यांनाच हा रोग होतो, आणि तोही बार धरायच्या बाजूलाच, असं त्याचं म्हणणं. ते मुंबईच्या एका मासिकात छापून आलं. हैदराबादच्या एका मोठ्या सर्जननं वाचलं आणि कळवलं, की असे तंबाखूवाले रोगी वेळेत धाडा, मी कापून बरे करतो.

आबांच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, गालात पांढरा चट्टा उठला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमच्या झरी गावाहून आम्ही जिंतूरला जायला बैलगाडी जुंपली. घरचा कारभार आबांच्या थोरल्या भावाच्या हातात, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तेही सोबत आले.

डॉक्टरनं आबांच्या तोंडात बोट घालून चाचपलं. "तंबाखू कोणत्या बाजूला धरता?"

"म्या न्हाई खात."

"कधीच न्हाई?"

"बोटाला लावली न्हाई."

कारण शेजारच्या बाकावर तात्या बसले होते. थोरल्यासमोर तंबाखू मळणं तर सोडाच, आमच्याकडं तिचं नावही काढत नाहीत. आबा गोठ्यामागं जाऊन बार भरायचे, आणि तात्या खाकरले की तसाच गिळून टाकायचे.

डॉक्टरनं लेखणी खाली ठेवली. "मग मला ह्यांना हैदराबादला धाडता येत न्हाई. तिथं तंबाखूवालेच घेतात."

"दात बघा की त्यांचे," मी म्हणालो.

"दात पानानं बी रंगतात. अंदाजानं म्या लिहीत नसतो. माझ्या नावाखाली एकदा खोटं छापलं, तर उद्या मला वाचंल कोण?"

लय हट्टी माणूस. पण हट्टात मीही कमी नव्हतो.

"आबा खोटं बोलायलेत," मी म्हणालो. "डाव्या गालात धरतात. झोपंत बी काढत न्हाईत."

"भाड्या, तोंड मिट!" आबा उठलेच.

"त्याच्यावर वरडू नको," तात्या म्हणाले. "मला काय नाक न्हाई? तुझं लगीन झालं तवापसून वास यायलाय."

"मग बोलला का न्हाईत, दादा?" आबांनी विचारलं.

"तू लपवायलास, म्या कशाला उघडं पाडू?"

डॉक्टर तात्यांकडं वळला. "आन तुमी?"

तात्यांनी वर आढ्याकडं बघितलं. "माझं इचारू नका. त्याचं लिवा."

आबा त्याच आठवड्यात परभणीहून रेल्वेनं हैदराबादला गेले.

डॉक्टरनं तो बाक उचलून बाहेर ओट्यावर नेला. पुढं प्रत्येक रोग्याला एकट्यालाच आत घ्यायचा. बापाला वेगळं, लेकाला वेगळं. नंतरच्या लेखात त्यानं तेही लिहिलं: घरच्यांसमोर विचारू नका, उत्तर खोटं येतं. दूरदूरच्या डॉक्टरांनी आपापल्या लेखांत नेमकं तेवढंच उचललं. मी एकदा गेलो तर माझ्यावरच वैतागला. "एवढी वर्सं गाल बघितले म्या, आन लोकांनी घेतलं काय, तर बाक बाहेर नेल्याचं!" पण छापलेलं पान काढून दाखवलं, आणि बोट ठेवून म्हणाला, "हे तुझे आबा."

निजामाचं राज्य गेलं तेव्हाही आबा जिवंत होते. गाल आत ओढलेला, बोलणं बोबडं, भाकरी दुधात कुस्करून खायचे. वडीलधाऱ्यासमोर उघडं पाडलं, हा राग त्यांनी कधी सोडला नाही. वाकड्या तोंडानं नातवंडांदेखत मला शिव्या द्यायचे. मी बसून ऐकून घ्यायचो. माफी मात्र मागितली नाही.