दहाच्या नोटांना इस्त्री

मला राग लवकर येतो, आणि राग आला की मी पत्रक लिहिते. भोपाळच्या एमपी नगरमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या संघटनेची दीड खोली आहे, कॉलेज संपल्यापासून मी तिथे हेच काम करते. मजकूर एका पानात बसला पाहिजे, टाइप मोठा पाहिजे आणि आकडा खरा पाहिजे, एवढं मला तिथे शिकवलं. आकडा खरा असला की समोरचा गप्प बसतो म्हणे. तो आकडा कुणी लपवून ठेवलेला असू शकतो, हे मात्र कुणी शिकवलं नाही. ते मी ताईंच्या जिवावर शिकले.

ताई मला भेटल्या त्या खाली झेरॉक्सच्या दुकानात. मी आईशी फोनवर बोलत होते, मराठीत. फोन ठेवला तर शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, पिपलानीची. त्या हसल्या. "अगं, गाव विचारलं." मग सांगावं लागलं की बाबा नाशिककडचे, इथे कारखान्यात नोकरीला आले आणि राहिले. त्या बुऱ्हाणपूरच्या. तेरा वर्षं भोपाळात, करोंदला, भावाच्या घरामागच्या खोलीत.

त्यांना एक साधी गोष्ट विचारायची होती. नवं खातं उघडलं तर बँकेचा मेसेज कुठल्या फोनवर जातो? त्यांच्या आधारला भावाचा नंबर जोडलेला होता. जुन्या खात्याचं कार्डही भावाकडेच. मी म्हटलं, नंबर बदलून घ्या. त्यावर त्या म्हणाल्या, बदलला की त्याला कळणारच ना.

काम काय करता, विचारलं तर म्हणाल्या, "लग्नात नाचते. वरातीत नाही, स्टेजवर." माझे बाबा "मी टर्नर होतो" म्हणतात ना, अगदी त्याच सुरात.

मी त्यानंतर बऱ्याच दुपारी करोंदला गेले. खरं सांगायचं तर पत्रकाच्या लोभाने गेले. लोक या बायकांकडे डोळे फाडून बघतात आणि मग त्यांच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात. एका रात्रीत लाख कमावतात, असं आमच्या सोसायटीतले सुशिक्षित काका सांगतात. मला तो लाखाचा फुगा फोडायचा होता.

पहिल्या दुपारी गेले तेव्हा ताई जमिनीवर चादर अंथरून दहाच्या नोटांना इस्त्री करत होत्या. मधे जुन्या ओढणीचा तुकडा, वरून इस्त्री. नोटा चुरगळलेल्या, काहींवर बुटाचे ठसे, एकीवर रबडी. लग्नातले पुरुष स्टेजवर नोटा उधळतात, त्याला न्योछावर म्हणतात. उधळायच्या नोटा पार्टीवालाच, म्हणजे नाचाची पार्टी चालवणाराच विकतो, हजाराची गड्डी अकराशेला. नाच चालू असताना त्याचा माणूस चादरीत नोटा गोळा करतो, सारख्या करतो आणि पुन्हा त्याच लोकांना विकतो. तीच नोट एका लग्नात चार वेळा ताईंच्या डोक्यावरून पडते. शेवटी जे उरतं त्यातलं निम्मं पार्टीवाल्याचं, निम्म्यात चार मुली. कधी वाट्याला नऊशे, कधी दीडशे.

न्योछावर सोडून एका प्रोग्रामचे पंचवीसशे. सीझनमध्ये महिन्याला बारा-पंधरा प्रोग्राम, चौमासात एकही नाही. ड्रेस स्वतःचा, मेकअप स्वतःचा, गुडघ्याला लावायचं मलम स्वतःचं. लाख कुठे आहेत ते काकांनी येऊन शोधावेत.

भाऊ लोडिंगची गाडी चालवतो, मंडीतून माल नेतो. प्रत्येक प्रोग्रामला तोच ताईंना मोटारसायकलवर सोडतो आणि संपेपर्यंत बाहेर थांबतो. घरी आल्यावर पैसेही तोच घेतो. मी तोंड उघडलं तशी ताईंनी मला थांबवलं. तो बाहेर बसलेला असतो म्हणून आत सगळे सरळ वागतात, म्हणाल्या. त्याची तीन मुलं आहेत, तीही आपलीच. पण त्याला त्यांनी पंधराशेच सांगितले होते. वरचे हजार आणि न्योछावर त्यांचं, ड्रेस-मेकअपचा खर्चही त्यातूनच. दोन वर्षं हे त्यांनी सांभाळलं होतं, कारण पस्तिशीनंतर स्टेजवर कुणी उभं करत नाही आणि त्या चौतीसच्या होत्या. त्यांना पार्लर काढायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक गाळा रिकामा होता, डिपॉझिट पन्नास हजार.

बँक नको, घरात लपवायला जागा नाही. म्हणून बीसी, म्हणजे आपली भिशी. मंडीत धान्य झाडणाऱ्या बायकांची ती बीसी होती. लिलावाच्या शेडखाली सांडलेला गहू-हरभरा त्या झाडून, चाळून विकतात, म्हणून त्यांना सुटे लागतात. इस्त्री केलेल्या नोटा देऊन पाचशेच्या घ्यायला ताई तिथे जायच्या, त्यातून ओळख. वीस बायका, महिन्याला दोन हजार, दर महिन्याला एकीला रक्कम. मधे कुणाला गरज पडली तर ती कमी पैशांवर बोली लावून उचलते. शेवटच्या नंबराला पूर्ण चाळीस हजार मिळतात. ताईंनी शेवटचा नंबर मागून घेतला होता आणि तीनच महिने राहिले होते. बायकांना सांगितलं होतं, कॅटरिंगमध्ये आहे.

मी विचारलं, हे लिहू का? ताई म्हणाल्या, लिही, पण माझं नाव नको.

मी नाव घातलं नाही. वय बदललं. करोंदच्या जागी "शहरातली एक वस्ती" लिहिलं. आकडे मात्र तेच ठेवले, कारण मला तेच शिकवलेलं. पंचवीसशे. भावाला सांगितलेले पंधराशे. आणि शेवटच्या परिच्छेदात, फारच सुंदर वाटलं म्हणून, धान्य झाडणाऱ्या बायकांच्या बीसीत जमणारी तिची हिंमत. हिंदीत, मोठ्या टायपात. ताईंना छापून झाल्यावरच दाखवायचं ठरवलं, त्यांना आनंद होईल म्हणून.

आणि वाटायला गेले कुठे, तर सकाळी आठला करोंद मंडीच्या दारात. गर्दी असते ना तिथे. लोडिंगच्या गाड्यांच्या खिडक्यांतून मी एकेक पत्रक आत देत होते. त्यातल्या एका खिडकीत त्यांचा भाऊ बसला होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने पत्रक घेतलं आणि मला "थँक यू मॅडम" म्हटलं.

दोन दिवसांनी शेजारणीच्या नंबरवरून ताईंचा फोन आला. "ये," एवढंच.

गेले. त्या इस्त्री करत होत्या. भावाने आरडाओरडा केला नव्हता. त्याने खोलीत बसून सगळं पत्रक त्यांना वाचून दाखवलं, थांबून थांबून, आणि मग घडी घालून खिशात ठेवलं. सकाळी तो मंडीत बीसी चालवणाऱ्या मावशींकडे जाऊन आला होता. बहिणीचा नंबर लागला की पैसे माझ्या हातात द्या, असं सांगून.

ताईंनी इस्त्री उभी ठेवली. "पोरी, मला एकदा वाचून का नाही दाखवलंस?"

अन्याय, शोषण, हक्क, हे सगळे शब्द मला येत होते आणि त्यातला एकही इथे उपयोगाचा नव्हता. मी रडायला लागले. ताईंनी चहा ठेवला, आणि गॅसकडे तोंड करून म्हणाल्या की पैशांचं सोड, आता त्या बायका मला बीसीत बसू देतील का तेच बघायचं.

आम्ही दोघी मंडीत गेलो. शेडच्या टोकाला मावशी चाळणी घेऊन बसल्या होत्या, साठीच्या, कपाळापर्यंत पदर. आजूबाजूला सात-आठ जणी. आम्हाला बघून हात थांबले. ताई काही बोलायच्या आत एकीने टोमणा मारला. आम्ही म्हणायचो, ही कॅटरिंगवाली कधी उरलेली मिठाई का आणत नाही. दुसरी म्हणाली, कुठून आणेल, हिला तर नोटाच वाढतात. सगळ्या हसल्या. मग ताईही हसल्या, आणि मला कळलं की त्या बसू देणार.

मावशींनी भावाला काय सांगितलं होतं ते त्यांनीच ऐकवलं. त्याने दाखवलेला कागद उलटासुलटा करून त्यांनी त्याला विचारलं, बेटा, यात तुझ्या बहिणीचं नाव कुठे आहे? आमच्याकडे जी टाकते तिच्याच हातात देतो. तुझ्या बायकोलाही बसव बीसीत, तिच्याही हातात देऊ. तो निघून गेला. पण तो रोज येणार हे मावशींनाही माहीत होतं. त्यांचा तोडगा सोपा होता. या महिन्याची उचल ताईंनी आत्ताच घ्यावी, भाऊ परत यायच्या आत. एकीला याच महिन्यात हवी होती, ती थांबायला तयार झाली.

फक्त नियमाप्रमाणे आधी उचलणाऱ्याचे कटतात. तीन हजार कटले. मी भडकून बोलायला गेले की ही काय पद्धत, चूक माझी आणि भुर्दंड हिला. ताईंनी माझ्या पायावर पाय ठेवला, चांगला जोरात. सदतीस हजार गव्हाच्या पोत्याच्या तुकड्यात बांधून त्यांच्या हातात आले. त्यातल्या बऱ्याच नोटा दहाच्या होत्या, गुळगुळीत.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, ते तीन हजार मी देते. मला वाटलं, नको नको म्हणतील.

"दे," ताई म्हणाल्या. "महिन्याला पाचशे दिलेस तरी चालेल."

सहा महिने मी दिले. दर दहा तारखेला करोंदला जायचं, पाचशे द्यायचे, जेवून यायचं. इतकं नीट मी कधी कुणाच्या घरी जेवले नव्हते.

भावाला ताईंनी त्याच संध्याकाळी स्वतः सांगितलं, पैसे उचलले म्हणून. गाळा घेतला, उरलेलं डिपॉझिट अंगठी मोडून भरलं. तो नऊ दिवस बोलला नाही, पण त्या नऊ दिवसांत दोन प्रोग्राम होते तेव्हा मोटारसायकल घेऊन दारात उभा राहिला. पार्लरची खुर्ची आणि आरसा त्याच्याच गाडीतून आले. भाडं घेतलं त्याने, अडीचशे.

ताई सीझनमध्ये अजून जातात. पार्लर अजून भाड्यापुरतंच चालतं. परवा त्यांनी मला पत्रक लिहायला लावलं, त्यांच्या दरांचं. मी लिहिलं आणि छापायच्या आधी वाचून दाखवलं, दोनदा, सावकाश. त्या नॅपकिनांना इस्त्री करत ऐकत होत्या. आयब्रोचे तीस, पण मंडीच्या बायकांना वीस, असं खाली घाल म्हणाल्या. ते घातलं.

मग मी विचारलं, फोन नंबर कुणाचा टाकू?

ताईंनी उशीखालून नवा फोन काढला, स्वतःच्या नावावरचा. नंबर अजून पाठ नव्हता, सिमच्या पाकिटावरून एकेक आकडा सांगितला. मी लिहून घेतला. त्या म्हणाल्या, आता वाच बघू. मी वाचला. त्यांनी बोट ठेवून पाकिटाशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, परत एकदा.