शकुताईची जबानी

चोरी लुटुपुटूची असायची, तरी शकुताईचे तळहात घामानं भिजायचे. सुलतान बाजारातल्या आमच्या इंग्रजीच्या क्लासात बाई जोड्या पाडत आणि एक खेळ घेत. काल संध्याकाळी चोरी झाली, संशय तुम्हा दोघींवर. दोघींनी मिळून एक गोष्ट ठरवायची, मग एकीला बाहेर काढून दुसरीला सगळ्यांनी इंग्रजीत फैलावर घ्यायचं. काय करत होतात, कुठे बसला होतात, कोण आलं? उत्तरं जुळली नाहीत की सापडलात! आम्ही दर वेळी शकुताईमुळे सापडायचो.

"मला खोटं जमतच नाही गं, कायकू खेळवतात असलं!" ती कुरकुरायची. मलकपेठेत जन्मलेली ती. तिचं दखनी वळणाचं मराठी ऐकून नांदेडहून आलेली मी बघतच राहायचे. तिला नर्सरीत शिकवायचं होतं. पण नवऱ्याला क्लासचा पत्ता नव्हता. तो तिला एकटीला बाहेर सोडत नसे. माझ्याबरोबर बाजारात जाते, एवढंच त्याला ठाऊक. "कळलं तर तंगडी तोडतील," हे ती हसत सांगायची.

कुणीतरी त्याचे कान भरले असावेत. एका दुपारी तो नल्लकुंट्याला माझ्या दारात उभा. शकुताईला त्यानं खाली फाटकाशी थांबवलं होतं.

"वहिनी, एकच विचारायचं होतं. काल चार वाजता कुठे होतात?"

मेले आता! पण आमचं आधीच ठरलेलं, त्यामुळे तोंड आपोआप चालू झालं. "सुलतान बाजारात, भाऊजी. साडीला फॉल लावायला."

"कोणत्या रंगाची साडी?"

"मोरपंखी."

"छान सांगता," तो शांतपणे म्हणाला. "ती तर म्हणते, इंग्रजीच्या क्लासला होतो."

तेवढ्यात खालून शकुताईचा आवाज आला, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा. "मी सांगितलं गं खरं! तू नक्को घाबरू! भिऊन भिऊन किती भ्यायचं?"

अभिमान वाटला का? कसला! मी दाराची कडी घट्ट धरून उभी होते.

तो जिना उतरला. गॅलरीतून पाहिलं, ती त्याच्या स्कूटरवर मागे बसली होती, मान ताठ ठेवून.

त्यानंतर ती क्लासला आली नाही. बाईंनी मला दुसरी जोडीदार दिली. तिच्याबरोबर मी एकदाही सापडले नाही. शकुताईचा नंबर माझ्याकडे आहे. रोज काढते, बघते. फोन त्यानं उचलला तर, म्हणून ठेवून देते.