आतल्या संगणकावरची पत्रिका

पनवेलच्या जुन्या बाजारात आमचं अक्षरजुळणीचं दुकान आहे. लोक त्याला डीटीपी म्हणतात, हल्ली तर सरळ 'फ्लेक्सवाला' म्हणतात, आणि मग माझं डोकं फिरतं. दुकान माझ्या नावावर असलं तरी चालवलं ते बायकोनं. गिऱ्हाइकाशी वाद घालणं हे माझं खातं, टाइप करणं हे तिचं. तालुक्यातल्या आणि उरणकडच्या किती लग्नांच्या पत्रिका तिच्या बोटांखालून गेल्या असतील, देव जाणे. ती गिऱ्हाइकाशी बोलता बोलता टाइप करायची, कीबोर्डकडे बघायचीसुद्धा नाही. "वहिनी, कधी मिळेल?" या प्रश्नाला तिचं एकच उत्तर असे: "बघू."

मग तिला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत का होईना चालतो, आणि बोलणं गेलं. सगळंच गेलं असतं तर एक वेळ मी मनाची समजूत घातली असती. पण एक शब्द मागे राहिला, तोच, "बघू". पाणी हवंय का? बघू. कुठं दुखतंय? बघू. पुण्याहून मुलीचा फोन आला की डोळे भरून यायचे आणि तोंडातून बघू. भेटायला येणारे तोंड लपवून हसायचे. पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं. पुढे पुढे तो शब्द कानावर पडला की भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. इतकी वर्षं एका खोलीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना काढली, आणि आता शेजारी बसलेल्या बाईच्या मनात काय आहे हे मला कळत नव्हतं. मला तिच्याकडून एक वाक्य हवं होतं. तिनं मला शिवी दिली असती तरी मी पेढे वाटले असते.

खारघरला स्पीच थेरपीच्या बाई आहेत, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा रिक्षानं न्यायचो. त्या म्हणाल्या, बोलता येत नसेल तर कधी कधी लिहिता येतं, प्रयत्न करून बघा. पाटी दिली, तिनं डाव्या हातानं रेघोट्या ओढल्या. मोबाइल दिला, तो तिनं ढकलून दिला. मग मी तिला दुकानातल्या नव्या संगणकापुढे बसवलं. तिनं एक कळ दाबली, पडद्यावर भलतंच अक्षर आलं. दुसरी दाबली, तेही भलतंच. तिनं कीबोर्ड उलटा केला आणि रडायला लागली.

चूक तिची नव्हती. आमचा धंदा जुन्या पद्धतीच्या टायपिंगवर उभा राहिला. त्यात कळांची रचना टाइपरायटरसारखी, अर्धं अक्षर आधी दाबायचं आणि काना मागून लावायचा. तिची बोटं तेच जाणतात. पण ते सॉफ्टवेअर चालतं फक्त संगणकाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणि जुना संगणक ती आजारी पडली त्याच पावसाळ्यात ओल लागून मेला. नव्यावर ते सॉफ्टवेअर टाकायला गेलं की एक खिडकी उघडते आणि नम्रपणे नकार देते. दुरुस्तीवाला म्हणाला, काका, सोडा आता. सोडा म्हणायला काय जातं त्याच्या बापाचं.

मुलीनं फोनवर सांगितलं की एक मार्ग आहे. नव्या संगणकाच्या आत एक खोटा संगणक तयार करायचा, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि त्यात जुनी सिस्टिम घालायची. आतल्याला वाटतं आपण खरेच आहोत. मी हिंदी व्हिडिओ लावून, त्यातल्या माणसाला शिव्या देत, ते शिकलो. जुनी सीडी कपाटात होती. सीडी घालायला नव्या संगणकाला जागाच नाही, ती सोय बाहेरून आणली. सगळं बसलं तर सॉफ्टवेअर म्हणतं, लॉक कुठाय? लॉक म्हणजे पेनड्राइव्हसारखा एक तुकडा, तो लावल्याशिवाय आमचं सॉफ्टवेअर उघडत नाही. मी तो लावला होता, पण तो बाहेरच्या संगणकानं धरून ठेवलेला. आतल्याच्या हातात तो द्यावा लागतो हे कळेपर्यंत माझी गणपतीची आरतीही म्हणून झाली.

"बाबा, एक लक्षात ठेवा," मुलगी म्हणाली, "आतल्याला नेट द्यायचं नाही. इतकं जुनं झालंय की उघडं ठेवलंत तर लगेच काहीतरी घुसेल. त्याला बंदच राहू द्या."

म्हणून तो बंद आहे. बाहेर काय चाललंय ते त्याला ठाऊक नाही आणि त्याच्या आत काय आहे ते बाहेर कुणाला दिसत नाही. इथं वाचणाऱ्याला एखादी उपमा सुचली असेल. ती थेरपीच्या बाईंनाही सुचली होती, त्यांनी ती कौतुकानं बोलून दाखवली, आणि मी त्यांच्याशी पुढचा अख्खा तास बोललो नाही.

पण ज्या दुपारी मी तिला त्याच्यापुढे बसवलं ती दुपार मी विसरणार नाही. पडद्यावर जुन्या सिस्टिमची ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं तशी ती ताठ बसली. मी सॉफ्टवेअर उघडून दिलं. तिचा डावा हात कीबोर्डवर गेला, जरा चाचपडला, आणि अक्षरं यायला लागली. श्री गणेशाय नमः. श्री कुलस्वामिनी प्रसन्न. सप्रेम नमस्कार विनंती विशेष, आमचे येथे श्रीकृपेकरून. एका हातानं, हळूहळू, पण एकही चूक नाही. वर-वधूंच्या नावांच्या जागी तिनं टिंबं दिली, जशी आमच्या साच्यात असतात, आणि थेट 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' इथपर्यंत गेली. मी मुलीला फोन लावला आणि मला बोलताच येईना. दुकानात बोलता न येणारी दोन माणसं झाली.

मग मी म्हणालो, "पाणी असं लिही." तिनं लिहिलं, श्री गणेशाय नमः.

"भूक लागलीय का?" श्री कुलस्वामिनी प्रसन्न.

"माझा राग आलाय का तुला?" सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

दुसऱ्या दिवशी तेच, त्यानंतरही तेच. थेरपीच्या बाईंनी समजावलं की पाठ झालेलं डोक्यात वेगळ्या जागी असतं. बोलणं गेलेला माणूस आरती म्हणू शकतो, पण त्याला ताट मागता येत नाही. तुमच्या मिसेस लिहीत नाहीयेत, त्या म्हणतायत. फार अपेक्षा ठेवू नका. आशा ठेवू नका म्हणायला या लोकांना पैसे द्यावे लागतात. मी मात्र रोज दुपारी तिला बसवत राहिलो, कारण न बसवून मी दुसरं काय करणार होतो. कधी एक पत्रिका, कधी दोन. टिंबांची लग्नं लागत राहिली. त्या दिवसांत मी देवासमोर बसणं सोडलं, ते अजून सुटलेलंच आहे.

एक दिवस जासईकडचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. धाकट्या मुलाचं लग्न.

"वैनी बरी हाय ना आता?" त्यानं तिच्याकडे बघत मला विचारलं. माणसं हल्ली तिच्याबद्दल तिच्यासमोर मलाच विचारतात.

"आहे," मी म्हणालो.

"मोठीच्या लग्नाची पत्रिका तुमीच केलेली. आमाला तशीच पायजे. नवीन कायबी नको. फकस्त आमचा बाबा गेला ना औंदा, त्याला वर घ्या."

वर घेणं ही आमच्या धंद्यातली नेहमीची गोष्ट. घरात दुसरं लग्न निघालं की लोक पहिली पत्रिका घेऊन येतात आणि मधल्या काळात गेलेल्यांची नावं आम्ही निमंत्रकांतून काढून वर नेतो, गणपतीच्या चित्राखाली. आधी 'कै.' लावायचं आणि पुढे 'यांच्या आशीर्वादाने'. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई असेल तर 'कै. सौ.', तेही त्याच क्रमानं. यात चूक झाली तर लोक अख्खा गठ्ठा परत आणतात, म्हणून हे काम बायको मला करू द्यायची नाही.

सीडीवर जपून ठेवलेली त्याची जुनी फाइल आतल्या संगणकावरच उघडली. मी म्हाताऱ्याचं नाव निमंत्रकांतून उचललं, वर नेलं, कै. लावलं. ती शेजारच्या खुर्चीवरून बघत होती. गिऱ्हाइकानं पडद्यावर हात टेकवून नमस्कार केला आणि म्हणाला, "आता बरा दिसतो." तो गेल्यावर मी तिच्यापुढे नेहमीसारखं कोरं पान उघडलं आणि चहा ठेवायला आत गेलो.

परत आलो तेव्हा ती अर्ध्यावर पोचली होती. मी कप ठेवला. टिंबांची जागा आली आणि तिचा हात थांबला. मग तिनं 'चि. सौ. कां.' लिहिलं आणि पुढे टिंबं नाही, नाव लिहिलं. आमच्या मुलीचं.

मुलीच्या लग्नाची पत्रिका तिनंच केली होती, तेव्हा तीही पाठ असणार, असं मी स्वतःला बजावत होतो, उगाच नाचू नकोस म्हणत होतो. जावयाचं नाव आलं. मंगल कार्यालय आलं. निमंत्रक आलं, त्याखाली श्री. आणि माझं नाव. मुलीच्या पत्रिकेत त्याच्या शेजारी बायकोचं नाव होतं, सौ. लावून. तिथं ती थांबली. बाणाची कळ दाबत दाबत ती वर गेली, गणपतीच्या ओळीखाली जागा केली, आणि सावकाश लिहिलं: कै. सौ. त्यापुढे स्वतःचं नाव. त्यापुढे, यांच्या आशीर्वादाने.

"अगं, चुकलं," मी म्हणालो. मी पुढे होऊन 'कै.' खोडलं. तिनं माझा हात डाव्या हातानं बाजूला केला, सावकाश, चिडून नाही, आणि ते परत लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं. साच्यात ती ओळ नव्हती, मुलीच्या पत्रिकेतही नव्हती. हे पाठांतर नव्हतं. इतके महिने मी ज्याची भीक मागत होतो ते वाक्य माझ्यासमोर होतं, शुद्ध, योग्य जागी. तिनं मला सांगितलं होतं की तिच्या हिशेबी ती गेलेली आहे. मला तिला मिठी मारायची होती आणि ओरडायचंही होतं, आणि मी यातलं काही केलं नाही. मी खुर्ची ओढून बसलो. चहावर साय धरली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती रोज तेच विचारते, आजही तिनं तेच विचारलं, "आईनं आज काही नवीन लिहिलं?"

मी म्हणालो, "तुझं नाव लिहिलंय."

ती रडायला लागली. आनंदानं रडणं फोनवरही कळतं. "बाबा, मला फोटो पाठवा. आत्ता पाठवा. मला बघायचंय."

मी मोबाइल हातात घेतला. माउसनं पान वर वर सरकवलं, 'कै. सौ.'ची ओळ पडद्याच्या बाहेर जाईपर्यंत, आणि फोटो काढला. बायको शेजारी बसून मी काय करतोय ते बघत होती.