साडेसहा फुटांचं पातं

समस्त शेतकरी, त्यांचे भाऊबंद, भाऊबंदांचे वकील आणि ज्यांच्या ज्यांच्या रानाला शेजारी आहे अशा तमाम लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अठरा घोड्यांच्या लहान ट्रॅक्टरला साडेसहा फुटांचं पातं कुणीही, कोणत्याही कारणास्तव, कधीही लावू नये. हुकुमावरून. हुकूम कुणाचा म्हणाल, तर ज्यानं ते लावलं त्याचा. म्हणजे माझा.

आता सांगायलाच बसलोय तर सगळं सांगतो. ही गोष्ट मी आजवर दोनतीनदा सांगितली आहे, पण दर वेळी मधला एक तुकडा गाळून. तो तुकडा गाळला की गोष्ट फार हसवते. तो घातला की माझे कान गरम होतात. आज कान गरम होऊ देत.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या दारात ट्रॅक्टर आला. गाव मिरजगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ट्रॅक्टर आधी कुणाचा तरी वापरलेला होता आणि इतका लहान होता, की गोठ्यात उभा केला तर पलीकडचा बैल त्याच्या डोक्यावरून आमच्याकडे बघायचा. पण मी चोवीस वर्षांचा होतो आणि चाकाला हात लावणारा घरात मी एकटा. गावातून निघालो की उगाचच भोंगा वाजवत निघायचो. समोर कोंबडी असो नसो.

आमचं विहिरीखालचं रान उंचसखल होतं. पाणी सोडलं की एका कोपऱ्यात तळं व्हायचं आणि दुसरा कोपरा कोरडा ठणठणीत. बैलाच्या केणीनं म्हणजे माती ओढायच्या फळीनं ते सारखं करायचं तर दोन उन्हाळे गेले असते. म्हणून ट्रॅक्टरच्या मागं लावायचं लोखंडी पातं करून घ्यायचं ठरलं आणि त्यासाठी मी नगरला गेलो.

वर्कशॉपचा मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं आधी चहा सांगितला आणि मग एकच प्रश्न विचारला.

"मागची चाकं बाहेरून बाहेर किती?"

मी सुतळीनं मोजून आणलं होतं. "साडेचार फूट."

"मग पाच फुटाचं पातं." त्यानं लगेच खडू उचलला. "माती एका अंगाला सारायची तर पातं तिरकं करावं लागतं. पाच फुटाचं तिरकं केलं की साडेचारावर येतं. चाकाच्या खुणा झाकल्या जात्यात. त्याच्यापेक्षा कमी घेतलं तर चाक सारख्या केलेल्या मातीतनं फिरतंय, जास्त घेतलं तर इंजिन बसतंय. विषय संपला."

विषय तिथं संपला असता तर मी आज तुमच्यासमोर एक बऱ्यापैकी सज्जन माणूस म्हणून उभा राहिलो असतो.

"साडेसहा करा," मी म्हणालो.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. "अठरा घोड्याला साडेसहा? पुढची चाकं उचलतील की. आन् टोकाला कुठं दगडगिगड लागला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरंल."

"आमची जमीन मऊ हाय."

"पाचाच्या वर मी करत न्हाई."

मी अर्धा तास अडून बसलो. ओळखीपाळखी सांगितल्या. दुसरीकडं जातो म्हणालो. शेवटी त्यानं बिडी पेटवली आणि अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं विचारलं, "बांधाच्या पल्याड रान कुनाचं?"

"चुलतीचं."

"चुलता?"

"वारला."

"मुलगा?"

"न्हाई."

"हां," मिस्त्री म्हणाला. मग खाली बसून लोखंडावर साडेसहा फुटांवर खडूची रेघ ओढली. "माप तुमचं, लोखंड तुमचं. माझं फक्त वेल्डिंग."

त्याला सगळं कळलं होतं. मला वाटतं, असली मापं मागणारा मी काही पहिला नव्हतो.

परमुलखातल्या वाचकासाठी थोडा खुलासा करतो. आमच्या भागात बांध कोरणं याला गुन्हा मानत नाहीत, ऋतू मानतात. नांगरट आली की नांगराचं शेवटचं तास, म्हणजे शेवटची चरी, जरा बांधात घालायचं. वीतभर यंदा, वीतभर पुढच्या साली. शेजारीही पलीकडून तेच करतो. बांध बिचारा दोन्हीकडून झिजत मध्ये उभा. पण बैल फार तर वीतभर नेतो. साडेसहा फुटांचं पातं चाकाच्या बाहेर दोन्ही अंगांना फूट फूटभर निघतं. चाक इमानदारीनं आपल्याच रानातून चालवायचं आणि पात्याचं टोक बांधाच्या पोटात घालायचं. कुणी विचारलं तर, "अहो, चाक बघा की, माझ्याच रानात हाय!" असा तो विचार होता. मला तो इतका आवडला होता, की एसटीत मी एकटाच हसत होतो. आणि एवढं करून मिळणार काय होतं? बांधाच्या लांबीची एक फूटभर पट्टी. तिच्यात ज्वारीच्या फार तर दोन ओळी आल्या असत्या.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पातं बघून कपाळाला आठ्या घातल्या. "लई लांब वाटतंय रं."

"मिस्त्रीनंच दिलं," मी म्हणालो. "ह्या ट्रॅक्टरला हेच माप लागतं म्हनला."

दादांचा माझ्यावर आणि नगरच्या मिस्त्रीवर सारखाच विश्वास. दुसऱ्या दिवशी पारावर ते चारचौघांना सांगत होते, "मापात न्हाई चुकायचा मिस्त्री. चाकं मोजून दिलंय त्यानं." मी शेजारी बसून मान डोलवत होतो.

आता चुलती. माझ्या चुलत चुलत्याची ही बायको. मी तिला काकी म्हणायचो. तिचं नि आमचं कधी भांडण नव्हतं, हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे मला कुठंच आडोसा राहणार नाही. विहीर दोघांची सामाईक. चार दिवस पाण्याची बारी आमची, तीन दिवस तिची. तिच्या रानाच्या शेवटाला चाळीस लिंबाची झाडं होती, आणि विहिरीपासून त्या लिंबांपर्यंत पाणी जायचं ते आमच्या दोघांच्या सामाईक बांधाच्या माथ्यावरून, मातीच्या पाटानं. दुसरी वाट नव्हती. दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला तेव्हा पाट कोरडा पडला. काकी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि येताना टँकरवरून डोक्यावर घागर आणायची. अर्धी घरात, अर्धी लिंबांना. एका दिवशी दोन झाडं, दुसऱ्या दिवशी दुसरी दोन. लोक म्हणायचे, येडी हाय. चाळीसातली एकतीस झाडं जगली. त्या हिवाळ्यात दुष्काळानंतर पहिल्यांदा त्यांना फूल धरलं होतं. विहिरीला पाणी अजून बेताचंच. तिच्या बारीचं पाणी तीन दिवस नीट पोचलं तर फूल टिकणार, नाहीतर गळणार. हे तिला माहीत होतं, दादांना माहीत होतं, मलाही चांगलं माहीत होतं.

पातं चालवायला मी मुद्दाम तिच्या बारीचा दिवस निवडला. कारण त्या दिवशी ती बांधाच्या पार टोकाला, लिंबांत दारं धरत असणार, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात फिरवत असणार. तिची पाठ माझ्याकडे आणि नजर पाण्यावर. ही हुशारी. बांधावरून त्या दिवशी भरलेला पाट वाहत असणार, बांध आतून भिजून मऊ झालेला असणार, हे मात्र या हुशारीत कुठंच बसलं नाही.

पहिल्या फेरीला पातं सरळ लावलं. तिरकं केलं असतं तर माती नीट सरली असती, पण बांधापर्यंतची पोच कमी झाली असती. टोक अलगद बांधात शिरलं आणि न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली दाढी उतरावी तशी बांधाची माती उतरली. इंजिन कण्हत होतं, पुढची चाकं हलकी होऊन लंगडत होती. मी भोंगा मात्र वाजवला नाही. दुसरी फेरी झाली. रान असं सपाट व्हायला लागलं की बघत राहावं. बांधाची एक बाजू कापलेल्या खरवसासारखी सरळ उभी.

तिसऱ्या फेरीला टोकाला हद्दीचा दगड लागला.

तो दगड कुणी कधी पुरला होता देव जाणे. वरून दिसतच नव्हता. पात्याचं टोक त्याच्यात अडकलं आणि मिस्त्रीनं सांगितलं होतं अगदी तस्सं झालं. ट्रॅक्टर टोकाभोवती गर्रकन फिरला, पुढची दोन्ही चाकं बांधावर चढली, आणि पोखरलेला बांध त्यांच्या वजनानं बसला. नाक पाटात घालून ट्रॅक्टर बंद पडला. पाट फुटला. काकीच्या बारीचं सगळं पाणी धो धो माझ्या रानात उतरलं. आणि एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे, रान उत्तम सपाट झालं होतं. पाणी सगळीकडं अगदी सारखं पसरत गेलं.

रस्ता जवळच. फाट्यावर एसटीची वाट बघणारी सात-आठ माणसं एसटी सोडून बांधावर आली. त्यातल्या एकानं धोतराचा सोगा सावरत विचारलं, "काय पाव्हनं, ट्रॅक्टर पानी प्यायला न्हेला व्हय?"

"अठरा घोडी हायेत त्यात," दुसरा म्हणाला. "तहानली असतील."

मी हसलो. हो, त्या वेळी मी हसलोसुद्धा! आणि म्हणालो, "काय सांगावं, मिस्त्रीनं पातंच चुकीच्या मापाचं दिलं."

गाळायचो तो तुकडा हा.

तोवर लिंबांतलं पाणी आटलेलं बघून काकी बांधावरून पळत आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. ट्रॅक्टरकडेही नाही. फुटलेल्या जागी ती थेट पाण्यात उतरली. फावड्यानं माती टाकली, ती वाहून गेली. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. मग ती सरळ त्या भगदाडात आडवा पाय लावून बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि दोन्ही हातांनी पायाभोवती माती लिंपायला लागली. धार कमी झाली, थांबली नाही. भगदाड तिच्या एका पायापेक्षा मोठं होतं. बघ्यांपैकी दोघं विहिरीवरचं इंजिन बंद करायला पळाले, पण विहीर बांधाच्या दुसऱ्या टोकाला, आणि भरलेल्या पाटातलं पाणी तर येतच राहणार होतं.

दादा आले ते ओरडतच. "काय झालं? वहिनी, लागलं का तुमाला?"

"मला काय धाड भरलीय? माती टाका, भाऊजी!"

दादा माती टाकायला लागले. टाकता टाकता त्यांची नजर पात्यावर गेली, मग कापलेल्या बांधावर, आणि पुन्हा पात्यावर. ते काही बोलण्याआधीच बघ्यांतला एक म्हणाला, "मिस्त्रीनं फसवलं म्हनं. चुकीचं माप दिलं."

"असं?" दादा सरळ उभे राहिले. दादा चिडले की हळू बोलायचे. "उद्याच्या पयल्या एसटीनं नगरला जातो. त्याच्या दारात पातं टाकतो. चार लोकांत इचारतो त्याला, माज्या वहिनीचं पानी कुनी भरून द्यायचं? लिंबं गळली तर कुनाच्या दारात बसायचं तिनं?"

मला तो मिस्त्री दिसला. चहा पाजणारा, खडूनं रेघ ओढणारा, आणि उद्या चार गिऱ्हाइकांसमोर दादांच्या शिव्या खाणारा. मी गप्प राहिलो असतो तर तो प्रसंग निभावला असता, याची मला आजही खात्री आहे. मिस्त्री म्हणाला असता, "पोरानं मागितलं." दादा म्हणाले असते, "खोटं बोलू नका." त्यांनी त्याच्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला असता.

मी कोरड्या जागी उभा होतो. काकी चिखलात. तिच्या पायाच्या दोन्ही बाजूंनी पाणी अजून माझ्या सपाट रानात येत होतं, आणि ती मान वळवून लिंबांकडे बघत होती, तिकडं पाटात आता काय उरलं असेल त्याचा अंदाज घेत. त्या एवढ्या गडबडीत तिनं मला अजून एकही वाईट शब्द दिला नव्हता. उलट दादांना म्हणाली, "भाऊजी, पोराला बोलू नका. नवं यंतर हाय, हातातनं जायचंच. बांध मी माज्या अंगानं जरा आत घीन, म्हंजी त्याचं पातं अडकायचं न्हाई."

आत घेईन! माझ्या पात्याला अडचण नको म्हणून स्वतःचा बांध ती स्वतःच्या रानात सरकवणार होती. मी साडेसहा फूट लोखंड खर्चून जे चोरायला आलो होतो, ते ती चिखलात बसून मला देऊन टाकत होती.

मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नाही. एवढ्या मोठ्यानं ओरडलो की रस्त्यावरून जाणारा बैलगाडीवालाही थांबला.

"दादा, मिस्त्रीनं पाचाचंच सांगितलं हुतं! दीड फूट मी मागून घेतलं! बांध कोरायला! काकी, तुजा बांध कोरायला!"

दादांच्या हातातलं फावडं हवेत तसंच राहिलं. बघ्यांपैकी कुणी हसलं नाही, हे मला फार लागलं. हसले असते तर बरं झालं असतं. मी काकीकडे बघत होतो. शिवी येईल, शाप येईल, चिखलाचा गोळा येईल. निदान रडेल तरी. ती वळली, माझ्याकडे त्या दिवसात पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि खेकसली,

"ते मागनं बोल रं मुडद्या! आदी पाय घाल हितं, पानी चाललंय!"