टेंटर रोची शुभ बाटली

हेस्बा सग्डेनच्या दारावर पितळी पाटी होती: जन्म-मृत्यू नोंदणी, सकाळी नऊ ते अकरा. गिरणीच्या त्या विलायती गावात कोण आलं आणि कोण गेलं हे ती एकोणीस वर्षं लिहीत होती. आधी वडिलांच्या हाताखाली, मग त्यांचा हात थरथरायला लागल्यावर त्यांच्या जागी. सरकारी शाई लिहिताना फिकट निळी दिसे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत काळी पडे. नोंदवहीत खोडाखोड चालत नसे. विचारायचं, लिहायचं, सही घ्यायची. सल्ला देणं तिचं काम नव्हतं, आणि तिनं तो कधी कुणाला दिलाही नव्हता.

१९११च्या उन्हाळ्यात पाऊसच आला नाही. कालव्याचं पाणी हिरवं होऊन वास मारू लागलं, आणि ऑगस्टमध्ये मृत्यूची वही भराभर भरत गेली. उन्हाळ्यात लहान मुलं जातातच, असं लोक म्हणत. दात येतात, पोट बिघडतं, काय करणार. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्रत्येक वेळी ‘अतिसार’. पण हेस्बाचं लक्ष पत्त्याच्या रकान्याकडे जाऊ लागलं होतं. टेंटर रो, घर चार. टेंटर रो, सतरा. टेंटर रो, नऊ. टेंटर रो, पंधरा. बावीस घरांच्या त्या ओळीतली चार मुलं तीन आठवड्यांत गेली होती. बारा नंबरात तिची धाकटी बहीण लीआ राहायची. लीआचा मुलगा विल्फ पाच आठवड्यांचा होता.

गुरुवारी वीस नंबरातली पॉली क्लेग मुलीचा मृत्यू नोंदवायला आली.

“नाव?”

“आयव्ही.”

“वय?”

“चार महिने सहा दिवस. ते सहा दिवसही लिहा, बाई.”

वर्षाच्या आतल्या मुलांचे नुसते महिने लिहायची पद्धत होती. हेस्बानं दिवसही लिहिले.

“दूध तर छान प्यायची हो,” पॉली म्हणाली. “सारा गिलची बाटली होती ना आमच्याकडे! तिचे पाचही पोरगे त्या बाटलीवर वाढले, आता बघा कसे रेड्यासारखे झालेत. रबरी नळी ही एवढी लांब. पोर पाळण्यात, बाटली फडताळावर. आपण कपडे धुवायला मोकळ्या.”

हेस्बाची लेखणी थांबली. पुढचा प्रश्न कुठल्याच रकान्यात नव्हता. “तुमच्याआधी कुणाकडे होती ती?”

“पंधरा नंबरात. त्याआधी नऊ, त्याआधी सतरा, त्याआधी चार. शुभ बाटली आहे बाई. कुणाचं पोर आजारी पडलं, की पहिल्यांदा ती तिकडे पोचवायची, अशी आमच्याकडे रीतच आहे.”

“नळी धुता?”

“आत बोट जातं होय? वरून पुसते की.”

“आता कुठे आहे?”

“तुमच्या लीआकडेच! काल संध्याकाळी दिली. पोराचं पोट दुखतंय म्हणत होती.”

पॉलीनं सहीच्या जागी फुली मारली. हेस्बानं शाई टिपली आणि खुंटीवरची टोपी घेतली.

“अहो, दहाच वाजलेत! तुमचं अकरापर्यंत असतं ना?” पॉली म्हणाली, पण हेस्बा रस्त्याला लागली होती.

टेंटर रोमध्ये तिला पाहून बोलणी थांबली. एका बाईनं खेळणारं पोर उचलून आत नेलं. सारा गिल उंबऱ्यावर शेंगा सोलत बसली होती.

“काय सग्डेनबाई, आज स्वतःच? आज कुणी गेलं नाही हो आमच्यात. बोलावणं आल्यावर यावं माणसानं.”

हेस्बा न थांबता बारा नंबरात शिरली. लीआचे हात कोपरापर्यंत साबणात होते. पोराला कपाटाच्या खणात निजवलं होतं, तोंडात रबरी बोंडलं होतं, आणि नळी खुर्चीवरच्या बाटलीपर्यंत गेली होती. हेस्बानं बोंडलं ओढून काढलं. पोर किरकिरलं.

“अगं, आत्ता कुठे डोळा लागला होता त्याचा! दोन दिवस झोपू दिलं नाहीये मला त्यानं.”

“ही बाटली परत तोंडाला लावू नकोस.”

“का? तुला गं काय कळतं मुलाबाळांचं?” लीआ म्हणाली. “तू मेल्यावर लिहितेस फक्त.”

हेस्बानं बोंडलं खुर्चीवर टाकलं. मग वही समोर नसताना वाचल्यासारखं बोलू लागली. “चार नंबर, मेबल, सात महिने. सतरा, हर्बर्ट, पाच महिने. नऊ, एडगर, तीन महिने. पंधरा, लूसी, नऊ महिने. वीस, आयव्ही, चार महिने सहा दिवस. बाटली याच क्रमानं फिरली, लीआ. विचार साराला.”

सारा मागोमाग येऊन दारात उभी होती. “माझे पाच वाढले तिच्यावर!” ती ओरडली.

“हीच नळी होती?”

“हीच. पंधरा वर्षं झाली.”

लीआनं हात पुसले, कात्री घेतली आणि नळी उभी चिरली. आत काळपट, बुळबुळीत थर होता. आंबट, सडका वास खोलीभर पसरला. साराचे हात कोरडेच होते, तरी ती ते एप्रनला पुसत राहिली. मग निघून गेली.

विल्फचं कपाळ तापलेलं होतं. हेस्बानं पाणी उकळलं, निववलं आणि चमच्यानं त्याच्या ओठांत सोडलं. त्यानं ते ओकलं. तिनं पुन्हा दिलं. दुपारभर दोघी बहिणी असंच करत राहिल्या. मधे मधे लीआ त्याच्या छातीला कान लावी.

गिरणी सुटल्यावर लीआचा नवरा एनॉक आला, तेव्हा विल्फचे डोळे अर्धे मिटलेले होते. चार चमचे पोटात राहिले होते, पाचवा ओठांवरून ओघळला.

“बरा होईल ना?” एनॉकनं विचारलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, “याच्या जन्माची नोंद राहिलीये, हेस्बा. बेचाळीस दिवसांची मुदत असते ना? येत्या शनिवारी येतो.”

एकाच सकाळी मुलाच्या जन्माची आणि मृत्यूची, अशा दोन्ही नोंदी करायला आलेली माणसं हेस्बानं पाहिली होती.

“शनिवारी नको,” ती चमचा भरत म्हणाली. “उद्या ये. नऊलाच ये.”

एनॉकनं टोपी हातात घेतली आणि लीआकडे पाहिलं. लीआ पोराचे पाय शालीत गुंडाळत होती, उघडून पुन्हा गुंडाळत होती.